ओल्या हळदीचं वाण

माझा समोरचा एक दात अर्धा आहे. नवा भेटलेला माणूस आधी त्या दाताकडे बघतो आणि मग सभ्यपणानं दुसरीकडे बघतो. कुणी विचारलंच तर मी सांगतो, नोकरीत गेला. लोकांना वाटतं मी पोलीस खात्यात होतो. मी हळद विकत घेत असे.

म्हणजे एका मोठ्या मसाला कंपनीचा खरेदी अधिकारी होतो. तिचं नाव सांगत नाही, पेन्शन तिच्याकडूनच येते. हळद पारखायची रीत साधी आहे. वाळलेलं हळकुंड घ्यायचं आणि मोडायचं. नीट शिजलेलं असेल तर खट्ट आवाज होतो आणि आतून नारिंगी, तुकतुकीत दिसतं. कच्चं राहिलं असेल तर आवाज मऊ येतो आणि मधे पांढरट रेघ दिसते. हे काम हातानं करतात. मी दातानं करायचो, कारण पहिल्याच मोसमात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला तसं करताना पाहिलं आणि ते मला फार रुबाबदार वाटलं. त्या व्यापाऱ्याला कवळी होती, हे दात तुटल्यावर कळलं.

आमचं घराणं यवतमाळचं, कचेरीतलं. आजोबा कारकून, वडील कारकून, काका कोर्टात कारकून. गणपती शिरवताना नदीवरून आणलेली वाळू सोडली तर आमच्या घरात कुणी माती हातात धरली नव्हती. मला डॉक्टरकीला मार्क कमी पडले म्हणून मी शेतकी कॉलेजात गेलो. त्या शिदोरीवर मी महागाव-फुलसावंगीकडच्या शेतकऱ्यांना हळद कशी लावावी हे शिकवत हिंडलो. ते माझं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि मी गेल्यावर त्यांना हवं तेच करायचे. त्यामुळे त्या भागात हळद चांगली आली.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंड फोडून बघावं तर आत अळी बसलेली, आणि जो कापूस हाती यायचा त्याला भाव नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा वर्तमानपत्रात कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी उगाळत नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांनी कापूस मोडून हळद धरली. उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या आणि पुढं त्यांच्याच जाळावर हळद शिजवली.

शहरातल्या माणसाला हळद पाकिटातूनच येते असं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेली हळद हिवाळा सरता सरता काढायला येते. पाला कापतात, मग गडीमाणूस कुदळीनं गड्डा उलटा करतो. तिथून पुढचं सगळं बायांचं. माती झटकायची, मुळं काढायची, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायची, टोपल्यांनी कढईपर्यंत न्यायची, शिजली की उन्हात पसरायची, रोज खालीवर करायची. वाळली की ड्रममध्ये घोळून चकाकी आणायची. इतकं सगळं झाल्यावर मी स्कूटरवरून येतो, एक हळकुंड मोडतो आणि मान हलवतो. पगार सगळ्यांत जास्त मला होता.

नाही म्हणायला अंगाला हळद मलाही लागली. एकदा कढईपाशी दिवसभर उभा राहून तसाच चुलतभावाच्या लग्नाला गेलो. सदरा पिवळा, मान पिवळी, कानांच्या पाळ्या पिवळ्या. नवरीकडच्या एका आजीबाईंनी मला हाताला धरून थेट बोहल्याशी नेलं आणि नवरा इकडे काय हिंडून राहिला म्हणून करवल्यांना झापलं. खरा नवरदेव माझ्यापेक्षा कमी पिवळा होता. तेव्हा मला वाटलं होतं, आपण किती राबतो.

राबणाऱ्या बाया वेगळ्या होत्या. फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरची टोळी हळद काढायला यायची आणि तिची मुख्य होती सक्रीबाई. सगळ्या बाया तिला याडी म्हणायच्या. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. सक्रीबाई उंच, हाडापेरानं मोठी, कमी बोलणारी. मोसमात तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. ती कधी तक्रार घेऊन आली तर आधी माझ्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभी राहायची, म्हणजे मला पळता येत नसे.

"साहेब," ती एकदा म्हणाली, "तुमी म्हन्ता मुळी एक राहू नये. माती कणभर नको. गड्डे अलग, हळकुंडं अलग. आमी करून राह्यलो. पन काम दुप्पट झालं, मजुरी तेवढीच. काहून?"

प्रश्न बरोबर होता. बायांचा हुंडा, म्हणजे कामाचा ठोक ठेका, ठरायचा शेतकऱ्याशी, एकरावर. आणि हळद कशी साफ करायची याचे नियम यायचे कंपनीकडून, माझ्या तोंडून. दर साली एखादा नवा नियम यायचा आणि तो बायांच्या बोटांवर पडायचा. मी म्हणालो, "मजुरीचं दिगांबररावांशी बोला. वावर त्यांचं आहे."

दिगांबरराव म्हणजे त्या भागातले जरा बरे शेतकरी. कापसानं त्यांनाही चांगलंच झोपवलं होतं, हळदीनं उठवलं. माणूस मोकळा, आणि घरचं वांग्याचं भरीत असं की मी खरेदीच्या तारखा जेवणाची वेळ बघून ठरवायचो. मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बाप्पा, मी काय पैसे छापून राह्यलो काय घरी? भाव तुमची कंपनी ठरोते. तिनं वाढोला त मी बी वाढोतो."

मी विभागीय व्यवस्थापकांना फोन केला. ते म्हणाले, मजूर शेतकऱ्याचे आहेत, कंपनीचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि तुम्ही हळदीकडे लक्ष द्या. हे मी सक्रीबाईला सांगितलं, जरा गोड करून. तिनं ऐकून घेतलं आणि सीटवरचा हात काढला. पुढचे दोन मोसम हेच चाललं. ती मला विचारायची, मी दिगांबररावांना, ते कंपनीला म्हणजे पुन्हा मलाच. मी स्वतःला त्यांच्यातला दुवा समजत होतो. विजया, म्हणजे माझी बायको, म्हणायची की दुव्याला निदान दोन टोकं तरी जोडता यायला हवीत.

मग मला एक कल्पना सुचली. नोकरीत ज्या ज्या वेळी मला कल्पना सुचल्या, त्या त्या वेळी मी घरीच थांबायला हवं होतं.

कंपनीनं त्या साली नवं पाकीट काढलं होतं. जाहिरात विभागाच्या मॅडम मुंबईहून फोटोवाल्याला घेऊन आल्या आणि त्यानं सक्रीबाईच्या हातांचा फोटो काढला. ओंजळीत हळकुंडं, चेहरा नाही, फक्त हात. मॅडमना तो फार आवडला. त्या म्हणाल्या, किती साधे, किती खरे हात आहेत. खाली छापलं, 'मातीतल्या हातांची हळद'. तर माझी कल्पना अशी, की संक्रांतीच्या दिवसांत यवतमाळात कंपनीतर्फे मोठं हळदीकुंकू करावं. शहरातल्या बायांना टोळीतल्या बायांनी हळद लावावी आणि हे नवं पाकीट वाण म्हणून द्यावं. मॅडम फोनवर इतक्या खूश झाल्या की मी बढतीची स्वप्नं पाहू लागलो. रथसप्तमीच्या आधीच्या आठवड्यात एक मंगल कार्यालय घेतलं. पाकिटांची खोकी आमच्या घरी येऊन पडली.

विजयानं एक खोकं उघडलं. ती कॉलनीतल्या महिला मंडळाची सेक्रेटरी, निम्म्या शहराला आमंत्रण तिच्यामार्फत गेलेलं. पाकीट हातात घेऊन तिनं बराच वेळ पाहिलं.

"अहो, या हातांत बांगडी नाही."

"कामाच्या वेळी कशी असेल?" मी म्हणालो.

"कामाच्या वेळीच असते. काकणं काढून कुणी बाई वावरात जाते का? आणि तांड्यावरच्या बायांचे तर दंडापर्यंत चुडे असतात. हे विधवेचे हात आहेत. तुमच्या कंपनीनं हळदीकुंकवाच्या वाणावर विधवेचे हात छापलेत."

मी पाकीट घेऊन खिडकीशी गेलो. चार मोसम मी त्या हातांतली हळकुंडं पाहिली होती, मनगटं पाहिली नव्हती. सक्रीबाईचा नवरा वीज पडून गेला होता, हे मला नंतर कळलं. आणि टोळीतल्या निम्म्या बाया तशाच होत्या. कशा नसतील? ज्या घरात कमावता पुरुष आहे ती बाई मिळेल ते काम नाकारू शकते. फेब्रुवारीच्या उन्हात गड्डे मोडायला येणाऱ्या त्याच, ज्यांना नाकारता येत नाही.

मी घाबरून मॅडमना फोन केला. आधी त्यांना अडचणच कळेना, मग कळली तेव्हा त्या माझ्याहून जास्त घाबरल्या. पाकिटं छापून झाली होती, पत्रकारांना बोलावणं गेलं होतं. शेवटी वरून आदेश आला की पाकिटाबद्दल कुणी काही बोलू नये, आणि कार्यक्रमाला टोळीतल्या फक्त सवाष्णी आणाव्यात. सांगायला अर्थातच मी जायचं.

वावरात हळद काढणं नुकतंच सुरू झालं होतं. मी धुऱ्यावर उभा राहून सक्रीबाईला आधी हवापाणी विचारलं. मग पीक विचारलं. मग एकदाचं सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, कुदळीकडे पाहत होतो.

तिनं हातातला गड्डा खाली ठेवला.

"साहेब, हळद खंदाले बलावता तवा कोनाचा नवरा जित्ता हाये हे इचारलं काय कधी?"

आसपासच्या बाया हसल्या, आणि ते हसणं मला लागलं. मी म्हणालो, रीत आहे, शहरातल्या बायका आहेत, वरून आदेश आहे. माझं बोलणं संपायची तिनं वाट पाहिली.

"तथी किती बाया येतीन?"

"चार-पाचशे तरी."

"सगळ्या हे पाकीट घेणाऱ्या?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बसून गड्डा मोडू लागली. मला वाटलं, मिटलं. मी दिगांबररावांकडे जाऊन भरीत खाल्लं.

कार्यक्रमाच्या दिवशी कंपनीनं तांड्यावर बस पाठवली. मला काम दिलं होतं की बस आली की दारात उभं राहायचं आणि फक्त कुंकू असलेल्यांना उतरवून घ्यायचं, बाकीच्यांना परत पाठवायचं. बस आली. दार उघडलं. सगळी टोळी आली होती, झाडून सगळी, आणि पुढं सक्रीबाई. प्रत्येकीच्या डोक्यावर पोतडं किंवा टोपलं. मी दारात उभा होतो. एका बाईचं कपाळ बघायचं आणि तिला परत चढवायचं, हे मला जमायचं नव्हतं. धैर्य म्हणून नव्हे. तितकं तोंडच नव्हतं माझं. मी आपला प्रत्येकीला "या, या" म्हणत राहिलो. दुरून मॅडम हातवारे करत होत्या, त्यांनाही मी "या, या" म्हणालो.

पण त्या बाया आत गेल्याच नाहीत. सक्रीबाई म्हणाली, "आमचं काम भाईर हाये." आणि मंगल कार्यालयाच्या ज्या दारातून शहरातल्या बाया वाण घेऊन बाहेर पडणार, त्या दारापाशी त्यांनी पोती अंथरली आणि टोपली ओतली. ओली हळद होती. त्याच सकाळी काढलेली, मातीसकट, मुळांसकट. म्हणजे माझ्या सगळ्या नियमांच्या आधीची.

पहिल्या बाहेर आल्या त्या एका डॉक्टरांच्या मिसेस. काळी साडी, हातात कंपनीचं पाकीट. सक्रीबाईनं मातीनं भरलेला गड्डा दोन्ही हातांनी पुढं केला.

"हे आमचं वाण, बाई."

आता वाण नाकारायचं नसतं. हे त्या बाईंनाही ठाऊक, मलाही ठाऊक, आणि सक्रीबाईलाही पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मग रुमाल पसरून गड्डा घेतला. सक्रीबाईनं त्यांच्या पाकिटावर बोट ठेवलं आणि मग आपले हात त्या फोटोशेजारी धरले.

"हे माह्ये हात हायेत. पाहून घ्या. या हळदीची मजुरी वाढवा म्हनलं त शेतकरी म्हन्ते कंपनीले सांगा, कंपनी म्हन्ते शेतकऱ्याले सांगा. पाकीट त तुमीच घेता. मंग तुमी इचारा ना. आमच्या मजुरीचं कंपनीनं अलग धरावं अन् आमच्या हातात द्यावं. येवढंच म्हननं हाये."

एवढंच ती प्रत्येकीला म्हणाली. आवाज चढवला नाही, घोषणा नाही. बाकीच्या बाया गड्डे देत होत्या. दारात गर्दी साचली, रेशमी पदरांना माती लागली, आणि बाया हलेनात. हळद मातीतून अशी निघते, हे त्यांतल्या बहुतेकींनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. कुणी म्हणालं, वास किती छान आहे. कुणी विचारलं, दिवसभर बसून मोडता हे?

तेवढ्यात विजया आतून आली. तिनं गर्दीतून वाट काढत सक्रीबाईसमोर पदर पसरला आणि गड्डा घेतला. मग तिला भरून आलं. तिनं हातातला हळदीकुंकवाचा करंडा उघडला आणि सगळ्यांसमोर सक्रीबाईच्या कपाळाकडे बोट नेलं. मला वाटलं, काय बायको आहे माझी! आता टाळ्या पडणार.

सक्रीबाईनं तिचं मनगट हळूच धरलं.

"हळद राहू दे, माय. कोपरापर्यंत हाये मले. मजुरीचं बोल."

विजयाचा चेहरा मी त्या आधी आणि नंतर कधी तसा पाहिला नाही. तिनं करंडा मिटला. ती मागं वळली, आत गेली आणि व्यासपीठावर मॅडमसमोर उभी राहिली. त्यांना विचारलं, या बायांच्या मजुरीचं कंपनी काय करते? मॅडम म्हणाल्या, ते शेतकऱ्यांनी बघायचं असतं, कंपनीचा थेट संबंध येत नाही.

"मग फोटो शेतकऱ्याच्या हातांचा छापायचा होता," विजया म्हणाली. ध्वनिक्षेपक चालू होता.

रथसप्तमीला आठवडा उरला होता. ज्यांना आमच्याकडचा हा आठवडा माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. राहून गेलेली सगळी हळदीकुंकवं याच दिवसांत उरकतात. एकेक बाई एका संध्याकाळी चार-पाच घरी जाते. कुठल्याही पक्षाला, संघटनेला जमलं नसतं अशा वेगानं ती गोष्ट शहरभर झाली, मग दिग्रस, पुसद, राळेगाव, जिथं जिथं कुणाची नणंद-भावजय होती तिथं. बाया पाकिटं परत आणून देऊ लागल्या, आणि कंपनीचा माणूस म्हणून त्यांना माझंच घर माहीत होतं. आमच्या ओट्यावर पाकिटांचा ढीग लागला. दूधवाल्याला त्यावरून पाय उचलून यावं लागे. मी घरात दबून बसायचो आणि विजया बाहेर उभी राहून पाकिटं घ्यायची, माझ्यासमोर, आनंदानं.

मग वर्षाचं तिखट-हळद भरायचे दिवस आले. बाया किराणा दुकानात जाऊन विचारायच्या, "त्या हातांना मिळालं का?" नाही म्हटलं की बाजारातून सुटी हळकुंडं घेऊन चक्कीवर दळून आणायच्या. दुकानदारांनी वितरकाला फोन केला, वितरकानं कंपनीला, कंपनीनं विभागीय व्यवस्थापकांना, त्यांनी मला. इतकी वर्षं मी खालून वर विचारत होतो. आता वरून खाली विचारणा आली, आणि तीसुद्धा माझ्यापाशीच येऊन थांबली. हळदीकुंकवाची कल्पना कोणाची, असं लेखी विचारलं होतं. मी उत्तरात 'सामूहिक' असा शब्द वापरला.

उन्हाळ्यात मोठे साहेब स्वतः फुलसावंगीला आले. निंबाखाली खुर्च्या टाकल्या. सक्रीबाई खाली बसली, खुर्ची तिला नको होती. शेतकरीही होते, दिगांबररावही. बराच घोळ झाला आणि शेवटी ठरलं ते असं: हळदीच्या भावाशिवाय दर क्विंटलमागे बायांच्या मजुरीचं कंपनी वेगळं धरेल, ते शेतकऱ्याकडे आगाऊ देईल, आणि माल उचलायच्या आत ते बायांच्या हाती पडलं पाहिजे. साहेब उठायला लागले तेव्हा सक्रीबाई म्हणाली, "अन् नाही पडलं त?"

"पडेल. आम्ही लक्ष ठेवू."

"नाही पडलं त त्याची हळद घ्याची नाही. कशी बी असो, घ्याची नाही. हे लिवा. नाही त त्या कागदाची पुंगळी करून काय कानात घालू?"

लिहिलं गेलं. मग प्रश्न आला की हे बघणार कोण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागं पाहिलं. मागं निंब होता.

तर पुढच्या मोसमापासून हळकुंड मोडायच्या आधी मला एक प्रश्न विचारावा लागे. टोळीतल्या बायांपाशी जायचं आणि विचारायचं, "मिळाले का?" इतका अवघड प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नव्हता. बहुतेक ठिकाणी मिळालेले असत. दोन-तीन शेतकरी रागावून हळद दुसरीकडे घेऊन गेले आणि भाव न मिळाल्यानं परत आले. माझं बरं चाललं होतं.

मार्चात दिगांबररावांकडे गेलो. त्यांच्या खळ्यात ढीग लागला होता आणि तो पाहून मी स्कूटर स्टँडला लावायचं विसरलो, ती पडली. इतकी सुंदर हळद मी नोकरीभर पाहिली नव्हती. लांब, भरीव, एकसारखी. एक हळकुंड मोडलं, हातानं. आवाज असा आला की पलीकडच्या कढईपाशी काम करणाऱ्या बायांनी माना वळवल्या. त्या साली माल कमी होता आणि सकाळीच व्यवस्थापकांचा फोन आला होता, तो ढीग काहीही करून उचला, बाकीचं मागाहून बघू.

मी कढईपाशी गेलो. "मिळाले का, सक्रीबाई?"

"नाही."

दिगांबरराव माझ्यामागं आले होते. ते म्हणाले, "साहेब, देतो ना मी. पोरीचं लगीन निंघालं, तिकडं लागले. पुढच्या हप्त्यात देतो. मी काय पळून चाललो काय?"

ते खोटं बोलत नव्हते. दिलेही असते. म्हणजे, दिले असते असं मला अजून वाटतं. कापसानं बुडालेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच चार पैसे आले की त्याला आधी पोरीचं लग्न दिसतं, यात मला काही राक्षसी वाटत नाही. पण ते ऐकून बाया पुन्हा आपल्या टोपल्यांकडे वळल्या. त्यांनी असे पुढचे हप्ते पुष्कळ ऐकले असावेत. सक्रीबाई माझ्याकडे पाहत होती. तिचा हात स्कूटरवर नव्हता. मला पळायला मोकळीक होती.

"दिगांबरराव," मी म्हणालो, "माल नाकारला."

"काय?"

"हळद नाकारली. कंपनी घेणार नाही."

"अबे, ही हळद? हिच्यात काय खोट हाये, दाखव मले!" साहेबाचा मी एकदम अबे झालो होतो. "माह्या घरचं खाल्लं तुनं! किती साल खाल्लं! त्याची तरी लाज धर!"

मी म्हणालो, हळदीत खोट नाही. माझा आवाज चिरकला, आणि नाकारलेल्या मालाचं पत्रक काढायला गेलो तर पेन सापडेना. ते वरच्या खिशातच होतं. आयुष्यभर मी मातीसाठी, ओलीसाठी, रंगासाठी ढीग नाकारले होते आणि त्यांतले काही, आता सांगायला हरकत नाही, उगाच रुबाब म्हणून. इतका चांगला ढीग कधी नाकारला नव्हता. नोकरी जाईल, भरीत तर गेलंच, आणि समोरचा माणूस मला मारेल की काय, या तीनही भीती एकाच वेळी वाटत होत्या.

दिगांबररावांनी मारलं नाही. ते ढिगाकडे पाहत उभे राहिले. मग फणफणत घरात गेले. आतून त्यांचा आणि बायकोचा वादाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात रुमालाची गाठोडी होती. माझ्याकडे न बघता त्यांनी ती सक्रीबाईसमोर सोडली आणि एकेका बाईला हाक मारून हातावर पैसे ठेवले. शेवटची बाई झाल्यावर मला म्हणाले, "घे आता." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि जेवायला त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

मी पुन्हा कढईपाशी गेलो, कारण नियमाप्रमाणे विचारावं लागत होतं.

"मिळाले का?"

"मिळाले," सक्रीबाई म्हणाली. मग तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पन तुमी थरथरून काहून राह्यले, साहेब?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "थंडी वाजते आहे," मी म्हणालो.

भर दुपार होती, मार्चमधली, यवतमाळ जिल्ह्यातली. शेजारी पऱ्हाट्यांचा जाळ ढणढणत होता आणि कढईला उकळी आली होती. सक्रीबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिनं बायांना हाक मारली, "सरका व जराशा. साहेबाले थंडी वाजून राह्यली. जाळापाशी बसू द्या त्याईले."

बाया सरकल्या. आणि खोटं कशाला सांगू, मी जाऊन बसलो.